लूप कुठे टाकलाय, आणि कुणाच्या बाजूला?

दोन गावांमधली डेटा लाइन बंद पडली की पहिल्या अर्ध्या तासात फोनवर ठरलेलं बोलणं होतं. इकडचा म्हणतो, आमचा राउटर ठीक आहे. तिकडचा म्हणतो, आमच्याकडे काही झालेलं नाही. मधला एक्स्चेंजवाला म्हणतो, आमच्याकडून स्ट्रीम जातोय. तिघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात, आणि लाइन मात्र बंद असते. हा वाद मिटवायला बहुतेक वेळा महागडं यंत्र लागत नाही. वीतभर केबलचा एक तुकडा पुरतो: येणारा सिग्नल तसाच जाणाऱ्या बाजूला जोडून द्यायचा. यालाच लूप टाकणं म्हणतात. टाकायला मिनिटही लागत नाही. अवघड असतं ते त्या लूपने नेमकं काय सिद्ध केलं हे ओळखणं.

आधी लाइन म्हणजे काय ते पाहू. भारतात आणि युरोपात ज्या डिजिटल लाइनला ई-वन म्हणतात, आणि आपल्याकडचे तंत्रज्ञ जिला सरळ ‘टू एमबी’ म्हणतात, तिचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट असतो. हा आकडा आवाजाच्या हिशेबातून आलेला आहे. एका फोन कॉलसाठी सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट. असे ३२ कप्पे एकापाठोपाठ एक लावले की टू एमबी झाली. त्यातला शून्य क्रमांकाचा कप्पा फ्रेम, म्हणजे ३२ कप्प्यांची एक फेरी, कुठे सुरू होते याची खूण सांगतो आणि सोळावा सहसा सिग्नलिंगसाठी राखलेला असतो. उरलेल्या ३० मध्ये बोलणं किंवा डेटा जातो. कंपन्यांच्या ईपीएबीएक्सला, म्हणजे कचेरीतल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजला, येणारी पीआरआय ही कॉलची लाइन म्हणजे हीच. अमेरिकेत १९६२ मध्ये बेल कंपनीने शिकागो भागात सुरू केलेली टी-वन हिची थोरली बहीण. तिच्यात २४ कप्पे आणि वेग १.५४४ मेगाबिट. आज इंटरनेटसाठी कुणी नवीन ई-वन घेत नाही, पण रेल्वेचं दूरसंचार, विजेची उपकेंद्रं, जुन्या टूजी टॉवरांच्या जोडण्या अशा ठिकाणी ती अजून राबते आहे.

लूपच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की टू एमबीला जायची आणि यायची वाट वेगळी असते. यंत्राच्या मागे केबल जोडायचे दोन बीएनसी कनेक्टर असतात, एक ट्रान्समिटचा, एक रिसीव्हचा. दोन्ही बाजूंचे विद्युत गुणधर्म सारखे ठरवून दिलेले असल्यामुळे ट्रान्समिटमधून निघालेला सिग्नल थेट रिसीव्हमध्ये घातला तरी यंत्राला काही अपाय होत नाही. त्याला वाटतं, समोरून कुणीतरी बोलतंय. प्रत्यक्षात तो स्वतःचाच आवाज ऐकत असतो. भिंतीवर मारलेला चेंडू हातात परत आला की तुमच्यापासून भिंतीपर्यंतची जागा मोकळी आहे एवढं कळतं. भिंतीपलीकडे काय आहे ते कळत नाही. लूपचंही नेमकं तेवढंच आहे, आणि हे विसरल्यामुळे लोक दिवसच्या दिवस घालवतात.

लूपकडे हात जाण्याआधी दिवे वाचावेत. फुकटात मिळणारी ही माहिती आहे आणि घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तीन अलार्म ओळखता आले तरी पुष्कळ. पहिला, सिग्नलच नाही: तार तुटली, कनेक्टर निघाला किंवा समोरच्या कार्डाने पाठवणं बंद केलं. दुसरा एआयएस, म्हणजे सगळे बिट ‘एक’ येतायत. याचा अर्थ, तुमच्यापर्यंतची तार शाबूत आहे, पण मधल्या एखाद्या यंत्राला त्याच्या मागून काहीच मिळत नाही, म्हणून ते रिकामं भरून पाठवतंय. दोष त्या यंत्राच्या पलीकडे शोधायचा. तिसरा आरएआय, समोरच्याची तक्रार: ‘मला तुझं नीट मिळत नाही.’ आता हा अलार्म तुम्हाला वाचता आला म्हणजे समोरून तुमच्याकडे येणारी वाट चांगलीच आहे. बिघाड तुमच्याकडून जाणाऱ्या वाटेवर आहे. लूप न टाकता अर्धी लाइन निर्दोष सुटली.

आता एक उदाहरण धरू. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक कारखाना, मुंबईत त्याची मुख्य कचेरी, मध्ये टू एमबीची लीज्ड, म्हणजे भाड्याने घेतलेली, लाइन. कारखान्यातल्या राउटरपासून मोडेम. मोडेमपासून तांब्याच्या तारांची एक जोडी जमिनीखालून एक्स्चेंजच्या एमडीएफपर्यंत, म्हणजे बाहेरच्या तारा जिथे येऊन संपतात त्या चौकटीपर्यंत. तिथे जोडीदार मोडेम. त्याच्यापुढे डीडीएफ, म्हणजे जिथे सगळ्या टू एमबी हाताने जोडता-तोडता येतात ती चौकट. तिथून एसडीएच मक्स, म्हणजे अनेक टू एमबी एकत्र करून फायबरवर चढवणारं यंत्र, आणि फायबर. मुंबईला हाच क्रम उलटा. मोजाल तर दहा-बारा ठिकाणी तुटू शकेल अशी ही साखळी आहे.

पहिला लूप स्वतःच्या दारात. राउटरची केबल मोडेमपासून काढा आणि तिची दोन टोकं एकमेकांना जोडा. सिग्नल नसल्याचा अलार्म गेला, फ्रेम जुळली, तर राउटरचं कार्ड आणि केबल ठीक. फक्त त्याआधी एक काळजी घ्यायची. राउटर एरवी लाइनवरून घड्याळ, म्हणजे बिट पाठवायचा ताल, घेत असतो. आता लाइनच्या जागी तो स्वतःच आहे, तेव्हा तो स्वतःच्याच घड्याळामागे धावत बसतो आणि नसलेल्या चुका दिसतात. चाचणीपुरतं घड्याळ अंतर्गत करावं, आणि नंतर आठवणीने परत फिरवावं.

पुढचा लूप मोडेमवर. जुन्या लीज्ड लाइन मोडेमच्या तोंडावर यासाठी बटणंच असायची. एक जवळचा लूप टाकणारं, एक समोरच्या मोडेमला ‘तू लूप टाक’ असं सांगणारं. नव्यात हे मेन्यूमध्ये असतं. जवळचा लूप चांगला आणि दूरचा वाईट आला, तर संशयित दोनच उरले: जमिनीखालची जोडी आणि एक्स्चेंजमधला मोडेम.

इथे नवखे एक घोळ हमखास घालतात. मोडेममधून निघणाऱ्या तांब्याच्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडून ‘लूप दिला’ म्हणतात. तो लूप नव्हे, शॉर्ट आहे. आजकालचे डीएसएल मोडेम एकाच जोडीवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलतात, तिथे जायची-यायची वाट वेगळी नसतेच. तारा जोडून फार तर मल्टिमीटरने रोध मोजता येतो, ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला किलोमीटरमागे साधारण १७० ओहम भरतात, त्यावरून जोडी सलग आहे का आणि किती लांब आहे याचा अंदाज येतो. कामाची गोष्ट आहे, पण वेगळी.

मग येतो डीडीएफ, आणि खरा गोंधळ इथे होतो. डीडीएफवर जोडणी मधोमध तोडली की दोन तोंडं मोकळी होतात. एक नाशिकच्या कारखान्याकडे बघणारं, दुसरं मुंबईकडे बघणारं. लूप कुठल्याही तोंडावर टाकता येतो. कारखान्याकडच्या तोंडावर टाकला तर कारखान्याचा सिग्नल कारखान्याला परत जाईल आणि स्थानिक भाग तपासला जाईल. मुंबईकडच्या तोंडावर टाकला तर मुंबईचा सिग्नल मुंबईला परत जाईल आणि फायबरचा भाग तपासला जाईल. फोनवर मात्र वाक्य एकच असतं: ‘लूप टाकलाय साहेब.’ कारखान्यातला माणूस बघत बसतो, त्याला काही दिसत नाही, आणि तो निष्कर्ष काढतो की एक्स्चेंजपर्यंतची केबल गेली. खरं तर लूप त्याच्याकडे पाठ करून बसलेला असतो. म्हणून विचारताना दोन प्रश्न एकदम विचारावेत: कुठे, आणि कुणाच्या बाजूला? ‘डीडीएफवर, कारखान्याच्या बाजूला’ असं पूर्ण उत्तर मिळेपर्यंत पुढची पायरी नको.

उत्तर मिळालं तरी लूप खरा आहे का हे तपासायचं. पद्धत साधी आहे. दिसतोय म्हटल्यावर समोरच्याला सांगायचं, ‘आता काढ.’ तुमच्याकडचा सिग्नल गेला पाहिजे. ‘आता टाक.’ परत आला पाहिजे. काढायला सांगूनही सिग्नल तसाच राहिला, तर तुम्ही बघताय तो लूप दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मधल्या मक्सवर महिन्यापूर्वी कुणी टाकून विसरलेला असेल, किंवा समोरचा शेजारच्या टू एमबीवर हात चालवत असेल. शेकडो सारख्या दिसणाऱ्या केबली, पुसट झालेली लेबलं, त्यात हे होणारच. यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी या काढ-टाकवर विश्वास ठेवावा, असं माझं मत आहे.

नाशिकचा डीडीएफ स्वच्छ निघाला की लूप मुंबईच्या डीडीएफवर, मग मुंबईच्या मोडेमवर, मग तिथल्या राउटरच्या केबलवर. लाइन लांब असेल तर एकेक पायरी चढण्याऐवजी मधोमध लूप टाकून अर्धी लाइन एकदम वगळावी. पण माणसं कुठे उपलब्ध आहेत, रात्री कुठल्या एक्स्चेंजची किल्ली कुणाकडे आहे, यावरच खरा क्रम ठरतो. अमेरिकेतल्या टी-वनवाल्यांना या बाबतीत सुख आहे. ग्राहकाच्या दारातल्या यंत्राकडे ठरावीक पाच बिटांचा नमुना काही सेकंद सतत पाठवला की ते आपोआप लूप टाकतं. काढायचा नमुना वेगळा. ई-वनमध्ये असा सगळीकडे चालणारा नमुना रुजला नाही. मक्सला सॉफ्टवेअरमधून लूप देता येतो, बाकी ठिकाणी माणूस स्कूटरवरून पाठवावा लागतो.

लूप बसला, सिग्नल परत आला. आता लाइन चांगली म्हणायची का? फक्त ‘चालू आहे’ म्हणता येईल. चांगली आहे का ते बघायला बीईआर टेस्टर, म्हणजे किती बिट चुकतात ते मोजणारं यंत्र, लावतात. तो ठरलेला पण विस्कळीत दिसणारा बिटांचा नमुना पाठवतो. टू एमबीसाठी नेहमीचा नमुना ३२,७६७ बिटांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. परत आलेला प्रत्येक बिट मूळ नमुन्याशी ताडून चुका मोजतो. इथे वेळेचा हिशेब समजून घ्यावा. अब्जात एक बिट चुकणाऱ्या लाइनवर सरासरी आठ मिनिटांत एक चूक दिसते. म्हणजे दोन मिनिटं टेस्टर लावून ‘झीरो एरर’ म्हणणं जवळजवळ निरर्थक आहे. पंधरा मिनिटांत सुमारे १८४ कोटी बिट जातात, त्यातून काहीतरी कळतं. आणि तक्रार ‘रोज दुपारी लाइन अडखळते’ अशी असेल तर सकाळच्या पंधरा मिनिटांनाही अर्थ नाही. चोवीस तास टेस्टर ठेवावा. चुका कशा येतात हेही बघावं. एकसारख्या थोड्या-थोड्या आल्या तर सिग्नल कमजोर असण्याची शक्यता, झुंडीने आल्या तर सैल कनेक्टर, मोटार सुरू होणं, जनरेटरवर जाणं असली कारणं.

टेस्टर नसेल तर राउटरवरूनच पिंग, म्हणजे उत्तर परत येतं का ते बघणारा छोटा निरोप, चालवतात. चालतं, फक्त पिंगमधला मजकूर बदलून बघावा: एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक. कारण तारेवर बिट पाठवताना शून्य म्हणजे काहीच न पाठवणं. लांबलचक शून्यं आली की समोरच्याला ठोका सापडत नाही. म्हणून ई-वनवर एचडीबी-थ्री नावाची पद्धत वापरतात, ती लागोपाठच्या चार शून्यांच्या जागी ओळखू येणारी खूण पाठवते. एका टोकाला ही पद्धत आणि दुसऱ्या टोकाला साधी एएमआय, म्हणजे अशी खूण न घालणारी पद्धत, लागली असेल, तर साधा डेटा बरा जातो आणि शून्यांचा पिंग कोलमडतो.

पण इथेच लूपची सर्वांत मोठी मर्यादा समोर येते. हा बिघाड समोरच्या राउटरपर्यंत गेलेल्या खऱ्या पिंगमध्ये दिसेल, तुमच्या दारातल्या लूपमध्ये दिसणार नाही. लूपमध्ये यंत्र स्वतःशीच बोलतं, आणि स्वतःशी कुणाचे मतभेद होत नाहीत. तुमच्याकडे एएमआय आहे, तर पाठवणाराही एएमआय आणि ऐकणाराही एएमआय. फ्रेममधली सीआरसी-फोर नावाची चुका पकडणारी तपासणी तुमच्याकडे चालू आणि समोर बंद असेल, तर लूपमध्ये दोन्ही बाजूंना ती चालूच. सगळे लूप स्वच्छ, लूप काढला की लाइन बंद, अशी तक्रार आली की केबल उकरायच्या आधी दोन्ही टोकांची सेटिंग शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. लूपने रस्ता तपासला. दोन टोकांचं एकमेकांशी पटतं का हे त्याला विचारलंच नव्हतं.

घड्याळाचं प्रकरण याच जातीचं, पण जास्त छुपं. टू एमबीवर दोन्ही टोकांनी एकाच तालात चालायला हवं. समजा दोन्ही राउटर आपापल्या अंतर्गत घड्याळावर आहेत आणि त्यांच्यात दहा लाखांत एक इतकाच फरक आहे. म्हणजे सेकंदाला दोनच बिटांचा फरक. तो साचत जातो आणि दर १२५ सेकंदांनी अख्खी एक फ्रेम, २५६ बिट, गळते किंवा दोनदा वाचली जाते. याला स्लिप म्हणतात. फोनवर बोलताना बारीक ‘टक्’ ऐकू येईल, फॅक्स मात्र मध्येच तुटेल. लूपमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण पाठवलेलं घड्याळच परत येतं. स्लिप मोजणारा आकडा ठरावीक अंतराने वाढताना दिसला, तर कोण कुणाचं घड्याळ घेतंय ते पाहावं: एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. पीआरआयवर एक्स्चेंज देतं, ईपीएबीएक्स घेतो.

तिसरी मर्यादा दिशेची. लूपमधून आलेली चूक जाताना झाली की येताना, हे टेस्टर सांगू शकत नाही. त्याला दोन्हींची बेरीज दिसते. दिशा वेगळी करायची तर दोन टोकांना दोन टेस्टर लावून समोरासमोर चाचणी करावी. तेवढी सोय नसेल तर सीआरसी-फोर चालू असलेल्या लाइनवर एक आयती सोय आहे. प्रत्येक टोक सेकंदाला हजार गठ्ठे तपासतं आणि बिघडलेल्या गठ्ठ्यांची खबर समोरच्याला देतं. तुमच्या यंत्रावर ‘माझ्या चुका’ आणि ‘समोरच्याने कळवलेल्या चुका’ असे दोन आकडे वेगळे दिसतात. पहिला वाढत असेल तर यायची वाट खराब, दुसरा वाढत असेल तर जायची. लाइन बंद न पाडता हे कळतं. तरी त्या दुसऱ्या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही, हे मला नेहमी नवल वाटतं.

पीआरआयवर आणखी एक फसगत होते. लूप टाकला की एक्स्चेंजला फ्रेम दिसते, अलार्म जातो, पण कॉल करणारी सिग्नलिंगची वाहिनी काही उठत नाही. हा बिघाड नाही. त्या वाहिनीला समोर दुसरा पक्ष लागतो, एक नेटवर्कचा आणि एक ग्राहकाचा. लूपमध्ये दोन्हीकडे नेटवर्कच.

काही जागी लूप टाकताना जपावं लागतं. फायबरवर लांब पल्ल्याच्या कार्डाचा ट्रान्समिट पॅचकॉर्डने थेट रिसीव्हमध्ये घालू नये. साठ-सत्तर किलोमीटर जायला बनवलेला लेझर एक मीटरवरून आदळला तर रिसीव्हर जायबंदी होऊ शकतो. मध्ये प्रकाश मंद करणारा अटेन्युएटर हवाच. दूरच्या यंत्राला ज्या लाइनवरून सांगून लूप टाकायचा, तीच लाइन त्या यंत्रापर्यंत जायची एकमेव वाट असेल, तर लूप पडताक्षणी तुम्ही बाहेर राहता आणि काढायचा हुकूम पोचत नाही. काही यंत्रांत लूपला मुदत देता येते, ती न चुकता द्यावी. आणि ही सवय इथरनेटच्या स्विचवर नेऊ नये. टू एमबीमध्ये लूप ही चाचणी आहे. साध्या इथरनेटमध्ये तसाच लूप पडला तर सगळ्यांना उद्देशून पाठवलेली ब्रॉडकास्टची फ्रेम गोल-गोल फिरत पूर्ण नेटवर्क गुदमरवते. तिथे चाचणीसाठी पत्ते उलटवून परत पाठवणारे वेगळे लूप असतात.

सगळ्यात जास्त लाइनी मात्र विसरलेल्या लूपने बंद राहतात. मूळ दोष दुरुस्त झालेला असतो, मधल्या कुठल्यातरी डीडीएफवर केबलचा तो तुकडा तसाच लटकत असतो. काही राउटर ही अवस्था स्वतः ओळखतात: पाठवलेला आपलाच निरोप परत आला की ‘लूप्ड’ असं लिहून दाखवतात. पीपीपी ही दोन टोकांमधल्या संवादाची पद्धत चालवणारी यंत्रं यासाठीच एक यादृच्छिक आकडा पाठवतात, आणि तोच परत आला तर समोर कुणी नाही हे समजतात. तरीही टाकलेल्या प्रत्येक लूपची वेळ, जागा, बाजू आणि काढल्याची वेळ कागदावर उतरवावी. शेवटचा लूप निघाला की राउटरचं घड्याळ परत लाइनवर आणावं, चुकांचे आणि स्लिपचे आकडे शून्यावर आणावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वाचावेत.